मोरीच्या पाण्यावरचं टमाटं

नवापुरात घरामागे मोरीचं पाणी जिथे जिरतं, तिथे पावसाळा सरता सरता टमाट्याचं एखादं झाड दिसतं. ते कुणी लावलेलं नसतं. बाजारातून आणलेलं टमाटं कापताना बी पाण्यात जातं, तिथून मोरीत, मोरीतून मातीत, आणि आश्विनात त्याला पिवळी फुलं लागतात. घरातली बाई जाता-येता त्याला काठीचा टेकू देते. शेजारची म्हणते, "हायब्रीडचं आहे ते, त्याला काय लागणार!" तरी लागतं. एका झाडाला बाजारात असतात तशीच लंबट फळं, त्याच्या बाजूच्याला चपटी-गोल, तिसऱ्याला बोराएवढी. भाजीत सगळीच चालतात. पण यातल्या चांगल्या झाडाचं बी पुढच्या वर्षासाठी धरावं, असं फारसं कुणाच्या मनात येत नाही.

याच तालुक्यात बी धरणं घरोघर चालत आलं आहे. इथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वाणामुळेच. मावची आणि कोकणा घरांत मक्याची चांगली कणसं सोलपटासकट आढ्याला टांगलेली दिसतात. वाल, चवळी, भोपळा, दोडका यांचं बी राखेत घोळून ठेवायची रीत कुणी शिकवावी लागत नाही. टमाट्याचं मात्र पाकीटच आणायचं, असं ठरून गेलं आहे. एका मावशींना मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, बाजाराच्या टमाट्याचं बी काय जपायचं? एक लाल, एक पिवळं, एक एवढुसं. त्याचा काय भरवसा?" त्यांचं निरीक्षण अचूक आहे. मला मात्र वाटतं की त्यांनी जो दोष सांगितला, तीच या बियाची खरी दौलत आहे.

"हायब्रीडचं बी धरू नये" हा नियम आपल्याकडे आला तो कापूस, ज्वारी आणि मक्यावरून. नवापूरहून रेल्वेने सुरतेला जाणाऱ्यांच्या वाटेवरच या गोष्टीचं एक मूळ आहे. सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये संकर-४ हा कापूस दिला. व्यापारी लागवडीत आलेला तो जगातला पहिला संकरित कापूस. त्याचं सरकीचं बी पुन्हा पेरलं की उतारा घटतो आणि धागा मिसळतो, हे खानदेशातल्या शेतकऱ्यांनी अनुभवलं. मक्याचं तर आणखी वेगळं आहे. मक्याचे पराग वाऱ्यावर जातात, झाडं एकमेकांशी फळतात, आणि मक्याला त्याच्याच परागाने पुन्हा पुन्हा फळवत गेलं तर झाड खुजं आणि दुबळं होत जातं. तेव्हा त्या पिकांपुरता हा नियम बरोबर आहे. टमाट्याला तो जसाच्या तसा लावला, तिथे गडबड झाली.

टमाट्याचं फूल नीट पाहिलं तर कारण कळतं. पिवळ्या पाकळ्यांच्या मधोमध परागकोशांचा एक शंकू असतो आणि मादीचा भाग, म्हणजे कुक्षी, त्या शंकूच्या आत दडलेली असते. वारा लागला, भुंगा बसून गुणगुणला की आतल्या आत पराग झडतात आणि फूल स्वतःच फळतं. दुसऱ्या झाडाचा पराग येण्याचं प्रमाण अगदी थोडं. शेकडो वर्षं असंच फळत आल्याने टमाट्याला स्वतःच्याच परागाची सवय आहे. मक्यासारखं ते खंगत नाही. संकरित झाड शंभर टक्के जोमाचं असेल आणि त्याची पुढची पिढी थोडी कमी जोमाची निघेल, हे खरं. पण परसात आठ-दहा झाडं लावणाऱ्या घराला त्या फरकाने काही अडत नाही.

पाकिटातलं बी कसं तयार होतं हे माहीत असलं की पुढचं सगळं सोपं जातं. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन चालतं. तिथे या कामाला 'क्रॉसिंग' म्हणतात आणि ते बहुतांशी बायकांच्या बोटांवर उभं आहे. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दिवशी चिमट्याने उघडायची, आतला परागकोशांचा शंकू अलगद काढून टाकायचा, कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. मग दुसऱ्या वाणाच्या झाडांवरून गोळा केलेला पराग त्या कुक्षीला लावायचा. फळवलेलं फूल ओळखू यावं म्हणून त्याची हिरवी संदलं कातरून ठेवायची. अशा एकेका कळीमागे एक फळ आणि एका फळात शंभराच्या आसपास बी. बी सोन्याच्या भावाने का विकलं जातं, याचं निम्मं उत्तर या बोटांत आहे. भारतात टमाट्याचा संकरित वाण बाजारात आला १९७३ मध्ये, बंगळूरच्या इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्सचा. त्याचं नाव होतं 'कर्नाटका'. त्याआधी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली होती. बियाण्याचा धंदा महाराष्ट्राच्या मातीत रुजला तो त्या सुमाराला.

म्हणजे पाकिटातल्या प्रत्येक बियाला एक आई आणि एक बाप आहे, आणि दोघंही स्वतंत्रपणे शुद्ध, स्थिर वाण आहेत. त्यांची पहिली पिढी, जिला बियाण्याच्या दुकानातही 'एफ-वन' म्हणतात, ती एकसारखी असते, कारण प्रत्येक रोपाला दोघांकडून अगदी तोच वाटा मिळालेला असतो. बाजारातलं टमाटं हे त्या एफ-वन झाडाचं फळ. त्या फळातलं बी मात्र दुसरी पिढी. इथे आईबापांकडून आलेला ऐवज पहिल्यांदा वेगवेगळा वाटला जातो. एका घरातली भावंडं वेगळी निघतात, तसं. शाळेत मेंडेलचा वाटाणा सगळ्यांनी वाचलेला असतो. १८६६ मध्ये त्याने जे छापलं तेच मोरीच्या कडेला घडत असतं. तीन उंच, एक बुटकं.

इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. विखुरतं ते फक्त आईबापांत वेगळं असलेलं. दोघंही बुटके असतील तर नातवंडंही बुटकीच निघणार. दोघंही लाल असतील तर लालच. आज बाजारातले बरेच संकरित वाण एकमेकांशी जवळचं नातं असलेल्या आईबापांपासून केलेले असतात, आकार, रंग, सालीची जाडी यांत ते फार दूर नसतात. म्हणून अनेकदा दुसऱ्या पिढीत 'सगळं बिघडलं' असं काही दिसतच नाही, झाडं बरीचशी सारखी येतात. कधी मात्र एखादं नवल घडतं. काही टिकाऊ संकरांत 'रिन' नावाचा जनुक एका बाजूने आलेला असतो. १९६८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. एकेरी असला की फळ सावकाश पिकतं, कॅरेटमध्ये जास्त दिवस टिकतं, दूरच्या बाजाराला जातं. दुसऱ्या पिढीत साधारण चौथ्या हिश्श्याच्या झाडांत तो दुहेरी होतो, आणि त्या झाडांची फळं लाल होतच नाहीत. फिकट पिवळी होऊन महिनाभर तशीच राहतात. मावशींचं 'एक पिवळं' कदाचित हेच असेल.

रोगांचंही तसंच. पाने वळून आखडतात त्या पर्णगुच्छ रोगाने खरिपात पुष्कळ बागा जातात. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. त्याला तोंड देणारे जनुक टमाट्याच्या रानटी भाऊबंदांतून आणले गेले. त्यातला टीवाय-२ हा भारतातच, हिसारच्या कृषी विद्यापीठात, एच-२४ या वाणात उतरवला गेला. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकर पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि करपा अशा तिन्हींना तोंड देतो. असल्या संकराचं बी धरलं तर रोगाला टिकण्याची ताकद नाहीशी होत नाही, ती वाटली जाते. काही झाडांना मिळते, काहींना मिळत नाही. कुणाला मिळाली हे कळण्याचा एकच मार्ग आहे, झाडाला रोगासमोर उभं करणं.

म्हणून माझं एक आग्रहाचं म्हणणं आहे. निवड करायच्या झाडांवर फवारणी करू नये. फवारलेल्या बागेत सगळीच झाडं शूर दिसतात. नंदुरबार-शहाद्याच्या बाजूपेक्षा नवापुरात पाऊस जास्त, रंगावलीच्या काठाने दमट हवा, श्रावणात चार-चार दिवस पान कोरडं होत नाही. पिकत आलेल्या फळाला मुसळधार सर लागली की साल तडकते. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या चाचणी-प्लॉटवर चांगलं ठरलेलं वाण इथे तडकतंच असं नाही, पण इथे न तडकणारं झाड इथेच शोधावं लागतं. जे झाड इथल्या श्रावणात करप्याने खालची दोन-चार पानं घालवूनही वरून हिरवं राहिलं, ज्याची फळं पावसानंतर सबंध राहिली, ते आपलं. उन्हाळ्याची निवड वेगळी. दिवसा पस्तीस अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही उकाडा राहिला की पराग निकामी होतो, फूल गळतं. एप्रिलातही ज्याला फळ धरलं ते झाड लक्षात ठेवण्याजोगं.

झाडं किती लावायची, हा प्रश्न घरच्या माणसाला पहिला पडतो, आणि याचं उत्तर गणिताने देता येतं. जो गुण चारांतल्या एका झाडात उतरतो तो दिसण्याची जवळपास खात्री हवी, शंभरांत पंच्याण्णव वेळा, तर ११ झाडं पुरतात. दोन असे गुण एकाच झाडात हवे असतील तर सोळांत एक, आणि खात्रीसाठी ४७ झाडं लागतात. तिसरा गुण जोडला की आकडा परसाच्या बाहेर जातो. यातून घरच्या माणसाने घ्यायचं ते असं, की एका वेळी एक-दोनच गोष्टींचा ध्यास धरावा. आधी रोगाला टिकणं, मग चव. आकाराचं नंतर बघता येतं. फळाचा आकार एका जनुकावर ठरत नाही, अनेकांच्या बेरजेवर ठरतो, त्यामुळे तो हळूहळूच हाती येतो.

निवडायचं असतं ते झाड. टोपलीतलं सगळ्यात मोठं फळ उचलून त्याचं बी धरणं ही नेहमी घडणारी गोष्ट, आणि त्यातून फारसं काही साधत नाही. एखाद्या दुबळ्या झाडालाही एकच फळ लागलं तर ते मोठं होतं. एका झाडाच्या सगळ्या फळांतलं बी आतून सारख्याच वारशाचं असतं, मग ते फळ मोठं असो की लहान. म्हणून झाडाला चिंधी बांधावी. पहिल्या घोसापासून शेवटच्या तोडीपर्यंत त्याच्याकडे पाहत राहावं, फळं कच्ची, पिकलेली, आमटीत, भाकरीबरोबर चटणीत खाऊन पाहावीत, आणि मगच बी. आपल्याकडे भाजीच्या टमाट्याला आंबटपणा हवा, नुसतं गोड नको. ही आवड कोणतीही कंपनी आपल्यासाठी नोंदवून घेत नाही.

बी काढण्याची पद्धत जुनीच. पूर्ण पिकलेलं फळ कापून गर बियांसकट काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात काढायचा, पाणी घालायचं नाही, दोन-तीन दिवस आंबू द्यायचं. बियाभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखून धरतो, तो आंबण्याने सुटतो. मग भरपूर पाण्यात धुवायचं. भरीव बी तळाला बसतं, पोकळ तरंगतं ते ओतून द्यायचं. कागदावर वाळवलं तर चिकटतं, म्हणून ताटलीत किंवा मलमलच्या फडक्यावर, सावलीत. नीट वाळलेलं बी कोरड्या राखेसोबत बाटलीत चार-पाच वर्षं उगवतं. तंबाखू मळलेल्या किंवा बिडी धरलेल्या हातांनी मात्र रोपांना किंवा बियांना शिवू नये, तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावरून टमाट्याला जातो आणि बियाच्या सालीवरही टिकतो. आपल्या भागात हे मुद्दाम सांगायला हवं. मोझॅकसारखी पानं, चट्ट्यापट्ट्यांची फळं असलेल्या झाडाचं बी कितीही आवडलं तरी धरू नये. २०२० च्या उन्हाळ्यात नारायणगाव, नाशिक, सातारा या पट्ट्यात फळं अर्धी लाल, अर्धी पिवळी पिकू लागली. शेतकऱ्यांनी त्याला 'तिरंगा' म्हटलं. बंगळूरच्या संस्थेने नमुने तपासले तेव्हा त्यात काकडीवरचा मोझॅक विषाणू मिळाला. तो मावा पसरवतो.

पुढचं काम धीराचं आहे. निवडलेल्या प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवायचं, पुढच्या हंगामात वेगळी ओळ लावायची. फूल स्वतःच फळतं म्हणून प्रत्येक पिढीत अस्थिरता निम्मी होते. आईबापांत वेगळ्या असलेल्या जागांपैकी दुसऱ्या पिढीत ५० टक्के अजून मिश्र असतात, तिसऱ्या पिढीत २५, चौथीत साडेबारा, पाचवीत सव्वासहा, सहावीत तीनच्या आसपास. सहाव्या-सातव्या पिढीला ओळीतली झाडं भावंडांऐवजी जुळी वाटू लागतात. तेव्हा तुमच्या हातात सरळ वाण असतो. इथे वर्षात खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम नक्की मिळतात, म्हणजे काम तीन-चार वर्षांचं. शेजारी दुसरं टमाटं असेल तर बियासाठीच्या एक-दोन घोसांवर फूल उमलण्याआधीच मलमलची पिशवी चढवावी आणि मधून मधून बोटाने टिचकी मारावी, एवढं पुरतं.

हे फार नवं काही नाही. आपण ज्यांना 'सुधारित' म्हणतो ते सरळ वाण असेच झाले आहेत. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचं 'पुसा रुबी' हे 'सू' आणि 'इम्प्रूव्ह्‌ड मेरुती' या दोन वाणांच्या संकरातून निवडत निवडत काढलेलं. राहुरीच्या विद्यापीठाचे 'धनश्री' आणि 'भाग्यश्री' हे सरळ वाण आहेत, त्यांचं बी शेतकरी वर्षानुवर्षं धरू शकतो. परदेशात घरच्या बागेत संकरित टमाट्याला 'सरळ' करण्याची चळवळच आहे. 'अर्ली गर्ल' या संकरापासून निवडून काढलेल्या वाणाला तिथल्या लोकांनी 'डर्टी गर्ल' असं नाव दिलं, आणि ते आवडीने लावलं जातं.

पण मला जवळचं वाटतं ते उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातलं आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, जेमतेम शाळा शिकलेले, दीड एकराचे धनी. १९८३ मध्ये 'पटेल-३' या भाताच्या शेतात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या पिशवीत घालून ठेवल्या, पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध लावल्या, पुन्हा निवडल्या. काही वर्षांत बारीक दाण्याचा, चवीचा, जास्त उतारा देणारा भात हाती आला. व्यापाऱ्याने त्याला नाव दिलं 'एचएमटी', तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून. हा भात महाराष्ट्राबाहेरही गेला. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, २०१८ मध्ये ते गेले, आणि आयुष्याचा बराचसा काळ त्यांनी ओढगस्तीत काढला. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी राग येतो. ज्याने वाण दिलं त्याच्या वाट्याला त्यातलं किती आलं, हा हिशेब या राज्याने अजून पुरा केलेला नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांची गोष्ट आता सर्वांना माहीत आहे. 'बायफ' संस्थेच्या साथीने त्यांनी घरात देशी वाणांची बँक उभारली, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच 'बायफ'ने आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या डोंगरात, मका आणि ज्वारीच्या गावठी वाणांचं जतन गावकऱ्यांसोबत केलं आहे. नवापुरात धडगावचं काम पोचावं, आणि त्यात टमाट्यासारख्या 'बाहेरच्या' पिकालाही जागा मिळावी, असं मला मनापासून वाटतं. देशी म्हणजे जुनंच, ही समजूत जरा मोकळी करायला हवी. टमाटं स्वतःच दक्षिण अमेरिकेतून मेक्सिकोमार्गे, युरोपमार्गे इथवर आलं. मिरचीही आलीच ना, आणि तिच्याशिवाय नंदुरबारचा बाजार कल्पनेत तरी येतो का? ज्या वाणाने इथे सहा-सात पिढ्या काढल्या, इथल्या बाईने चाखून ज्याला ठेवलं, ते इथलंच.

कायद्याची भीती काही जण घालतात. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमात शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखणं, पेरणं, पुन्हा पेरणं, देवाणघेवाण करणं, वाटणं आणि विकणं हे हक्क स्पष्ट लिहून दिलेले आहेत, नोंदणीकृत वाणाचंसुद्धा. बंदी आहे ती संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकण्यावर. २०१९ मध्ये सीमेपलीकडे गुजरातेत बटाट्याच्या वाणावरून पेप्सिकोने शेतकऱ्यांवर दावे लावले होते, देशभर ओरड झाल्यावर ते मागे घेतले. परसात टमाटं लावून शेजारणीला चिमूटभर बी देणाऱ्या बाईला कुणाला भ्यायचं कारण नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जो शेतकरी तार-बांबूवर एकरभर टमाटं उभं करतो, सुरतेच्या व्यापाऱ्याला एकाच आकाराचे कॅरेट भरून देतो, त्याला मी दुसऱ्या पिढीचं बी लाव असं म्हणणार नाही. २०२३ च्या जुलैत शंभरी ओलांडलेला भाव दोन महिन्यांत कोसळला, असल्या बाजारात तो आधीच टांगणीला आहे. त्याला एकसारखेपणा लागतो आणि त्यासाठी तो पाकिटाचे पैसे मोजतो. सातव्या पिढीचं, पारखलेलं बी शेजारच्या ओळीत लावून त्याने स्वतः ताडून पाहावं, मग ठरवावं.

परसाला मात्र वाट पाहायची गरज नाही. या दिवाळीत बाजारात जे टमाटं चवीला आवडेल, त्यातली पूर्ण पिकलेली चार-पाच फळं, शक्य असेल तर एकाच विक्रेत्याकडची, बाजूला काढून बी धुऊन ठेवा. रब्बीत डिसेंबरपर्यंत रोपं लागतात. बारा झाडं, दीड-दोन फुटांवर, प्रत्येकाला काठी आणि प्रत्येक काठीला एक आकडा. वहीत चार रकाने पुरे. पहिलं फूल कधी, पान कधी वळलं, किती फळं, चव कशी. मार्चमध्ये ज्या दोन झाडांना चिंधी बांधाल त्यांचं बी दोन वेगळ्या पुड्यांत घाला, पुडीवर साल, हंगाम आणि झाडाचा आकडा लिहा, आणि मृगाआधी त्यातलं निम्मंच पेरा. निम्मं राखून ठेवा, कारण खरिपात अतिपाऊस झाला आणि सगळी ओळ मरगळली, तर पुन्हा याच झाडापासून सुरुवात करता येते.